लंगडा ठोका

बारा वाजून बावन्न मिनिटांनी ठोका आला तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. नियंत्रण कक्षात डबा खायला बंदी होती आणि तशी पाटी मीच माझ्या हातांनी भिंतीला ठोकलेली होती. पण दुपारच्या पाळीला एकटा माणूस जेवायला जाणार कधी, असा माझा सवाल होता आणि बारा वर्षांत त्याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"काका, हे बघा! काका!"

शाल्मली निगुडकर खुर्चीतून अर्धी उठली होती. पडद्यावर एक तिरकी रेघ उमटली होती, वरून सुरू होऊन खाली उजवीकडे वाकत गेलेली. मी हात पँटलाच पुसले आणि जवळ गेलो.

हे सगळं २०१२ सालच्या एप्रिलातलं आहे. आंबेदऱ्याच्या माळावर आमची रेडिओ दुर्बीण होती. दुर्बीण म्हटलं की लोक डोळा लावायची नळी शोधतात. आमच्याकडे कांद्याच्या वावरांमधून उभ्या असलेल्या बारा मोठ्या तबकड्या होत्या आणि त्यांनी ऐकलेलं सगळं तारांवरून आमच्या खोलीत यायचं. मी तिथला ऑपरेटर, जयवंत थोरवे. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पण खोलीतल्या डॉक्टरेटवाल्यांना कुठली कळ कधी दाबायची हे मीच सांगायचो आणि त्याची मला ऐटही होती.

शाल्मली शोधत होती ते ठोके. आकाशात कुठेतरी, आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडे, काहीतरी फुटतं आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपूनही जातं. त्या काळात जगाला असे जेमतेम दोनचार माहीत होते आणि त्यांचं नावही नीट ठरलेलं नव्हतं. एकदा आलेला ठोका पुन्हा त्याच जागेहून आला, असं तर कोणालाच दिसलं नव्हतं. ठोका लांबून आला की त्याच्यातल्या खालच्या लहरी मागे पडतात, म्हणून पडद्यावर रेघ तिरकी दिसते. जितका उतार जास्त, तितकं अंतर जास्त. गावातल्या मोटारीची ठिणगी किंवा कोणाचा मोबाइल असला तर रेघ सरळ उभी येते, तिला उतार नसतो.

"उतार तीनशे एकसष्ट," शाल्मली म्हणाली. "काका, म्हणजे हा बाहेरचा आहे. खूप लांबचा."

रेघेला दोन भाग होते. आधी एक ठसठशीत, आणि त्याच्यामागे थोडं अंतर ठेवून पाय ओढत आल्यासारखा एक बारीक. हा ठोका मी ओळखत होतो. मनातल्या मनात मी त्याला लंगडा म्हणायचो.

आम्ही दोघांनीही एकदमच वर, छताकडे पाहिलं.

आता छताकडे का, ते सांगायला हवं. आमच्या डोक्यावर हर्डीकर सरांची खोली होती. सर वेधशाळेचे प्रमुख. माणूस विद्वान, पण दुधाने तोंड पोळलेला. मी इथे येण्याआधी त्यांनी असाच एक ठोका मोठ्या सभेत दाखवला होता आणि सभा हसली होती. कोणीतरी म्हणालं होतं, "हर्डीकर, वहिनींनी मिक्सर लावला असेल." तेव्हापासून सर ताकच काय, पाणीही फुंकून प्यायचे. आमच्यापैकी कोणाचं तसं हसं होऊ नये म्हणून त्यांनी एक रीत घातली. वर त्यांच्या खोलीतल्या कपाटात एक मशीन होतं. त्यातून ते अधूनमधून खोटे ठोके आमच्या तारांमध्ये सोडायचे. आम्ही त्याला पेरणी म्हणायचो. सहासहा महिन्यांची पेरणी ते आधीच करून ठेवत आणि कुठला ठोका कधी उगवणार हे त्यांच्याशिवाय कोणालाही माहीत नसे. आम्ही जागे आहोत की नाही हे त्यातून कळायचं. जगाला बातमी देण्याआधी सरांना विचारायचंच, "पेरलाय का?" बातमीसोबतच्या छापील अर्जावर तसा रकानाच होता: 'पेरलेला नाही', आणि पुढे सरांची सही.

ठोका कोणी पकडला की वर खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. मग जिन्यावर पावलं वाजायची आणि सर दारात उभे राहून हसत म्हणायचे, "माझाच!"

त्या दुपारी खुर्ची ओढली गेली नाही, कारण सर महिन्यापूर्वीच गेले होते. पुण्याला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून गेले ते होळीनंतर दोन दिवसांनी संपले. त्यांच्या खोलीला कुलूप होतं, कुलपावर सील होतं, आणि किल्ली मुख्य कचेरीत होती.

"पेरलेला असेल का हो?" शाल्मलीने हळूच विचारलं.

"असेलही," मी म्हणालो. आणि उरलेली भाकरी डब्यात ठेवली.

त्या दिवसांत तबकड्या फिरवणाऱ्या मोटारींना ग्रीस घालायचं काम चालू होतं. अकरा ते दोन सगळ्या तबकड्या सरळ डोक्यावर तोंड करून कुलूपबंद असायच्या आणि त्यांच्यावर माणसं चढलेली असायची. त्यामुळे आकाश आमच्यावरून जाईल ते आम्ही ऐकायचं, आपण होऊन कुठे वळायचं नाही. शाल्मलीने हट्टाने यंत्रं चालू ठेवली होती. तिची तीन वर्षांची नेमणूक एप्रिलअखेर संपत होती. दोन मेला कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. जागा एक आणि उमेदवार अकरा, त्यातले चार परदेशातून आलेले. तिच्याकडे दाखवायला मोठं असं काही नव्हतं. वडील नव्हते, आई इचलकरंजीला शिवणकाम करायची. "ही जागा गेली तर मी आकाशाचं काम सोडणार, काका," ती एकदा म्हणाली होती. "घरी किती दिवस धीर धरायला सांगू?"

तीन दिवसांनी, शनिवारी, बारा चाळीसला लंगडा पुन्हा आला. तेच दोन भाग, तोच उतार.

बाहेर ऊन असं होतं की कुत्रीही तबकड्यांच्या सावलीत निपचित पडली होती. आमची खोली मात्र बिनखिडक्यांची. आतली कुठलीही लहर बाहेर जाऊ नये म्हणून तिला चहूकडून तांब्याची जाळी लावलेली होती. त्या पिंजऱ्यात आम्ही दोघं बसलो होतो. भर दुपारी मला थंडी वाजत होती.

"तोच ठोका दोनदा," ती शेवटी म्हणाली. "काका, हा खरा असेल तर जगात पहिला आहे."

"आणि पेरलेला असेल तर?"

"सर गेलेत, काका."

"पेरून ठेवलेलं उगवायला पेरणारा जिवंत लागतो थोडाच?" मी म्हणालो. म्हणायला म्हणालो, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

तिने कचेरीला पत्र लिहिलं की खोली उघडून मशीन बघू द्या. उत्तर आलं, सरांच्या पत्नी सामान न्यायला येतील तेव्हाच सील निघेल.

तिसरा ठोका शुक्रवारी आला, सत्तावीस तारखेला, बारा वाजून सोळा मिनिटांनी. शाल्मलीने वेळ न घालवता बातमीचा मसुदा उघडला. बातमी गेली की जगभरच्या दुर्बिणी त्या जागेकडे वळणार होत्या. तिने सगळं भरलं. अर्जावरचा सहीचा रकाना तेवढा उरला.

"काका, सही तुम्ही करा."

"मी?"

"सरांनंतर त्यांची पेरणी ओळखणारा माणूस दुसरा कोण आहे? प्रत्येक वेळी इथे तुम्हीच होतात. 'पेरलेला नाही', एवढं लिहून द्या. आज बातमी गेली तर मुलाखतीपर्यंत चार दिवस मिळतील. कोणीतरी कुठूनतरी खरं-खोटं करेल."

मी अर्ज हातात घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. पोरीने माझ्या शब्दावर सगळं ठेवलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करणारा मी! ठोका ओळखीचा आहे हे मनाआड करून मी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, पेन उघडलं.

आणि वर खुर्ची ओढली गेली.

सिमेंटच्या लादीवरून लोखंडी पाय घासत गेल्याचा तो आवाज होता. नंतर सगळं शांत. मी शाल्मलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

आम्ही दोघं वर गेलो. दाराला कुलूप होतं, सील शाबूत होतं. उंबऱ्यापाशी महिन्याची धूळ साचली होती आणि तिच्यावर आमच्याखेरीज कोणाचं पाऊल नव्हतं. दाराच्या काचेतून आत दिसेना, कारण सरांनी आतून पडदा लावलेला होता. वेधशाळेत त्या वेळी आमच्याशिवाय होती ती ग्रीसवाली माणसं, आणि ती सगळी तबकड्यांवर. तो आवाज कशाचा होता हे मला आजही माहीत नाही. उंदीर म्हणा, उन्हाने तापलेलं लोखंड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी तेव्हा काय म्हणालो, ते सांगतो.

"मॅडम, हा सरांचाच आहे. हा ठोका मी याआधी चार वेळा पाहिलाय. दोन भाग, मागचा पाय ओढत येणारा, उतार तीनशे एकसष्ट. सरांचा हात आहे तो. मी याला अंधारातही ओळखेन."

"खात्री आहे?"

"बारा वर्षं काढलीत मी इथं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग खाली आली आणि मसुद्यातली ओळन्ओळ पुसून टाकली. नोंदवहीत तिने लिहिलं, 'तीन ठोके. पेरलेले.' खाली मी सही केली.

दोन मेला सकाळी तिला जीपने एसटी स्टँडवर सोडायला मीच गेलो. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, मांडीवर फाइल. वाटेत ती म्हणाली, "काका, तुमचे उपकार आहेत. मी खोटा ठोका जगापुढे मांडला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. सरांचं झालं तसंच माझं झालं असतं."

रस्त्यावर खड्डे फार होते. मी रस्त्याकडे बघत होतो.

जागा तिला मिळाली नाही. मंडळाने विचारलं होतं, तीन वर्षांत हाती काय लागलं? तिने खरं ते सांगितलं. पुढे ती पुण्यात एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहू लागली. दिवाळीला तिचा फोन यायचा. आई आता शिवणकाम करत नाही, बरं चाललंय, असं सांगायची. आकाशाचं नाव कधी काढलं नाही.

आणि सरांची खोली उघडली तेव्हाचं सांगायचं राहिलं.

सुट्टीचा दिवस होता, म्हणून सील काढायला आलेल्या कारकुनाला घरी जायची घाई होती. मालतीबाई, सरांच्या पत्नी, दारातच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना आत यायचं नव्हतं. "तुम्हीच आवरा, जयवंतराव," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय काय आहे ते तुम्हालाच कळेल."

कपाट मी उघडलं. पेरणीचं मशीन खालच्या कप्प्यात होतं. त्याच्या सगळ्या तारा काढून त्याच्याभोवतीच नीट गुंडाळलेल्या होत्या आणि वर चिकटपट्टीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोन मार्चला बंद केले. आता पेरणी पुरे. ह.'

सर दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख. म्हणजे एप्रिलात काही पेरलेलं असणं शक्यच नव्हतं. मी त्या कपाटापुढे उकिडवा बसलो होतो तो तिथेच खाली टेकलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मशीनवर एक वही होती. पहिल्या पानावर तारीख १४ एप्रिल १९९८. 'दुपारी एक वाजून आठ. दोन भाग, दुसरा अशक्त. उतार ३६१. सभेत सगळे मिक्सर म्हणाले. मीही नोंदवहीत तसंच लिहून सही केली. पण हा खरा आहे. माझ्याकडे पुरावा एवढाच आहे की मी तो पाहिला.'

पुढच्या पानांवर पेरणीच्या तारखा होत्या. वर्षाआड एकदा सरांनी तोच ठोका, आपला खरा ठोका, आमच्यापुढे खोटा म्हणून सोडला होता. तारखेपुढे पकडणाऱ्याचं नाव आणि एक शब्द. तेव्हा मला आठवलं. लंगडा आला की सर "माझाच!" म्हणत नसत. खाली येऊन, दाराला टेकून विचारत, "हा तुम्हाला खरा वाटतो का रे?" आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून हसत म्हणायचो, "नाही सर, तुमचाच दिसतोय." मग ते म्हणायचे, "हो. पेरलेलाच." कुणीतरी 'खरा' म्हणावं म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं विचारत होता. पानांवर चार नावं होती आणि चारही नावांपुढे 'नाही'. शेवटचं नाव थोरवे.

मग मी खिशातून पेन काढून तळहातावर आकडे मांडले. बारा बावन्न. तीन दिवसांनी बारा चाळीस. त्यानंतर सहा दिवसांनी बारा सोळा. रोजची चार मिनिटं. घड्याळ रोज त्याच वेळेला वाजतं, आकाश मात्र रोज चार मिनिटं लवकर येतं. दुर्बिणीवरच्या शिपायालाही हे पाठ असतं, पण माझ्या खात्रीपुढे शाल्मलीनेही ते मांडून पाहिलं नव्हतं. सरांचं मशीन भिंतीवरच्या घड्याळावर चालायचं. आकाशच सांगत होतं की मी आकाश आहे, आणि मी त्याच्यात मेलेल्या माणसाचा हात ओळखत बसलो होतो.

"महत्त्वाचं आहे का काही?" बाईंनी दारातून विचारलं.

वही माझ्या हातात होती.

"नाही बाई. जुन्या नोंदी आहेत," मी म्हणालो आणि वही त्यांच्या पिशवीत ठेवली.

नोकरी गेली नसती माझी. रागावलंही नसतं कोणी फारसं. पण थोरवेला सगळं कळतं, ही जी माझी ऐट होती तिची त्या दिवशी माती झाली असती. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. सर का गप्प बसले असतील ते मला तेव्हा समजलं, आणि समजूनही मी तेच केलं. लंगडा पुन्हा आमच्याकडे आला नाही. ग्रीसचं काम संपलं, तबकड्या दुसरीकडे वळल्या, आणि मी निवृत्त झालो.

गेल्या श्रावणात, जेवून जरा आडवा झालो होतो तेव्हा फोन आला. दिवाळीला अजून अवकाश होता.

"थोरवेकाका, बातमी वाचलीत?" शाल्मलीचा आवाज पूर्वीसारखाच, उठून उभी राहिल्यासारखा. "परदेशातल्या एका गटाला पुन्हा पुन्हा येणारा ठोका सापडलाय. त्यांनी छापलेलं चित्र बघितलं मी. दोन भाग. दुसरा मागे ओढत येणारा."

"हं."

"उतार तीनशे एकसष्ट, काका. मी दिशाही मांडून बघितली. त्या एप्रिलात दुपारी आपल्या तबकड्यांवरून आकाशाचा जो पट्टा जात होता ना, बरोबर त्यातच. तीन वेळा मांडली." ती थांबली. "सरांनी अगदी तसाच खोटा बनवला होता, नाही? योगायोग कसा असतो बघा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"योगायोगच आहे ना, काका?"

बायको आत भांडी लावत होती. मी उठून बसलो.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "मशीन मार्चपासून बंद होतं. सरांनीच तारा काढून ठेवल्या होत्या. आपण ऐकला तो खरा होता. तुमचा होता."

मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी कानापासून काढून बघितला. आकडे पुढे सरकत होते.

"तुम्हाला हे कधी कळलं?" तिने अगदी शांतपणे विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. बारा वर्षं झाली होती, मालतीबाईही आता नव्हत्या.

"एक मेला," मी सांगितलं. "तुमच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी."